कूलर लावायच्या आधी

होळी झाली की आमच्या परभणीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा घरात म्हातारं माणूस आणि लहान लेकरू असेल तर कूलरवाचून भागत नाही. मागच्या वर्षी मीही घाईघाईने लावला. गवत बदललं, टाकी धुतली, पंप बघितला. अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, बघितलं नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी आई अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून पाईपने पाणी भरत होती. तिने डाव्या हाताने पत्र्याचा आधार घेतला आणि करंट बसला. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात चार दिवस बधिर होता. म्हणून यंदा ही तयारी लिहून ठेवतो आहे.

धूळ झाडा, गवत बदला, जाळ्या धुवा, पंख्याला तेल द्या. हे सगळ्यांना येतं.

पंपाची वायर मात्र बोटांनी पूर्ण चाचपून बघा, अर्थात प्लग काढून. उंदराने कुरतडलेली असते, उन्हाने तडकलेली असते. पाण्यात बुडणाऱ्या भागात जोड नको, टेप गुंडाळलेला तर अजिबात नको. वायर खराब असेल तर पंप नवा घ्या, आणि टाकी कोरडी पडली की तो बंद करा. पाण्याविना फिरलेल्या पंपाची वाइंडिंग जळते आणि मग करंट पाण्यात उतरतो.

आता अर्थिंग. प्लगला तीन पिना असतात, त्यातली वरची जाड पीन अर्थिंगची. आमच्या एक्सटेन्शन बोर्डात ती बसत नव्हती म्हणून मी पक्कडीने मोडून टाकली होती. आईला शॉक बसला तो त्यामुळे. तुमच्या प्लगची ती पीन जागेवर आहे का, आत्ता उठून बघा. मग हिरवी वायर कूलरच्या पत्र्यापर्यंत पोचली आहे का बघा. नटाखाली रंग किंवा गंज असेल तर तो पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, कारण रंगावर आवळलेली वायर नुसती शोभेची.

एवढ्यावर थांबू नका. घराचं अर्थिंग खड्ड्यापर्यंत, म्हणजे अर्थिंगची धातूची प्लेट जिथे पुरलेली असते तिथपर्यंत, नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातली माती वाळली, प्लेटपासून सुटली, की अर्थिंग असून नसल्यासारखं. म्हणजे कूलर लागतो त्याच दिवसांत ते सर्वांत कमजोर असतं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका, भांडी विसळलेलं चालतं. आणि एखादा वायरमन अर्थिंगची वायर बोर्डातच न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडून देतो म्हणाला तर त्याला सरळ नाही म्हणा. न्यूट्रल तुटली की अख्खा पत्रा 230 व्होल्टचा होतो.

'आमच्याकडे एमसीबी आहे' हे मला चार जणांनी ऐकवलं. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच. तो पडतो लोड वाढल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर. माणसाला चिकटलेला करंट त्याला कळत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच लागतो, त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. तो बसवला म्हणून अर्थिंग सोडायचं नाही. अर्थिंग असेल तर करंट पत्र्यात उतरताच तो पडतो, नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत वाट बघतो. तो हात आईचा असू शकतो. म्हणून परत सांगतो, आधी अर्थिंग.

पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण कुणी फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद असूनही आत करंट असतो. पायात रबरी चप्पल हवी. पोरांना टाकीत हात घालू देऊ नका.

मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. कुणी चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद, तेवढा वेळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने बाजूला करायचं. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला लागायचं आणि दुसऱ्याने 108 ला फोन करायचा.

डासांचं थोडक्यात. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, त्यामुळे टाकी ओतायला जीव होत नाही. पण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, पाणी झाडांना किंवा संडासात टाका, आणि कडा घासा. अंडी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते.

पावसाळ्यात कूलर कोरडा करून, वायर गुंडाळून, झाकून ठेवा. पुढच्या होळीला काढाल तेव्हा गवताच्या आधी ती जाड पीन बघा.