अँकर आणि सेंट्रलायझर डिझाइन करताय? या चुका टाळा

तेलविहिरीत उतरून केसिंगला (विहिरीच्या भिंतीला आतून लावलेल्या पोलादी नळीला) घट्ट धरणारी किंवा नळीच्या बरोबर मध्यभागी राहणारी टूल्स बनवणाऱ्यांची ड्रॉइंग्ज मी बरीच वर्षं तपासतोय. माणसं बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं, चुका मात्र त्याच राहतात. पहिल्याच बैठकीत पकड किती टनांची आहे हे मला उत्साहाने सांगितलं जातं. वीज गेली, सील गळलं, खाचांत वाळू भरली तर टूल सुटणार कसं, हा विषय मी काढल्याशिवाय निघत नाही. विहिरीत न पकडणारं टूल वर काढून दुरुस्त करता येतं. न सुटणारं टूल अख्खी विहीर अडवून बसतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी सुटण्याची यंत्रणा काढायला लावतो.

पकड वाढवायला शंकूचा उतार कमी करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. स्लिप म्हणजे दातेरी पाचर. ती शंकूवर चढते, बाहेर सरकते आणि तिचे दात केसिंगमध्ये रुततात. उतार जितका कमी, तितका त्याच अक्षीय जोरात भिंतीवरचा दाब जास्त. गणित खरं आहे, म्हणूनच नवखा माणूस त्याला भुलतो आणि पाच-सहा अंशांवर जाऊन थांबतो. पण उताराचा टॅन्जंट घर्षणगुणांकापेक्षा कमी झाला की पाचर आपोआप सुटत नाही, ती स्वतःलाच कुलूप लावते. घर्षणगुणांक 0.1 असेल तर ही हद्द 5.7 अंशांवर येते, 0.15 ला 8.5 वर आणि 0.2 ला 11.3 वर.

एका कामात आमचा शंकू 6 अंशांचा होता. वर्कशॉपमध्ये जमिनीवर आडव्या ठेवलेल्या केसिंगच्या तुकड्यात टूल दहा वेळा धरलं आणि दहाही वेळा मोकळं झालं. अहवालावर माझीही सही होती. असेंब्ली करणाऱ्याने शंकूला सढळ हाताने ग्रीस लावलं होतं, आणि त्या ग्रीसकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. विहिरीत गरम द्रवाने ते ग्रीस धुऊन नेलं. टूलने छान पकड घेतली, काम झालं, सोडण्याचा सिग्नल दिला आणि काहीच हललं नाही. केबलचा ताण वाढवून पाहिला, जार (अडकलेल्या टूलला हिसका देणारं साधन) मारून पाहिले, पुन्हा पुन्हा तेच. शेवटी वीक पॉइंट (केबल आणि टूलमधला मुद्दाम कमकुवत ठेवलेला जोड) तोडून नुसती केबल वर आणावी लागली. पुढचे चार दिवस फिशिंगमध्ये, म्हणजे अडकलेलं टूल बाहेर काढण्यात गेले.

टूल वर आल्यावर मी स्वतः खोललं. शंकूचा पृष्ठभाग कोरडा ठणठणीत होता, स्टीलवर स्टील घासून सोलवटल्याच्या लांब रेघा त्यावर उमटल्या होत्या. स्लिपमागच्या टी-खाचेत बारीक वाळू इतकी गच्च बसली होती की स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावी लागली. ती खाच ड्रॉइंगमध्ये मागून बंद होती. वाळूला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

तेव्हापासून माझ्या काही सवयी ठरल्या आहेत. पकड आणि सुटका, दोन्ही मोजताना घर्षण जास्तीत जास्त धरायचं. केसिंगवरचा आणि मँड्रेलवरचा (टूलच्या मधल्या दांड्यावरचा) ताण मोजताना मात्र कमीत कमी धरायचं, कारण घर्षण घटलं की पाचर आणखी जोरात बाहेर रेटते. उतार हद्दीच्या बराच वर ठेवायचा. स्लिप मागे घ्यायला नुसत्या स्प्रिंगवर विसंबायचं नाही, खाचेने ओढून घ्यायची, आणि ती खाच मागून उघडी हवी. टेस्टच्या आधी शंकू सॉल्व्हंटने पुसायचा, वर वाळू मिसळलेलं पाणी ओतायचं आणि मगच पकड घ्यायला लावायचं. "यात तर टूल खराब होईल" असं दर वेळी कोणीतरी म्हणतं. होऊ दे. वर्कशॉपमध्ये खराब झालेलं टूल मला परवडतं.

शिवाय विजेवर अजिबात अवलंबून नसलेली दुसरी सुटका हवीच. साधी शिअर पिन चालते, वरून ओढलं की तुटणारी. ती वीक पॉइंटच्या आधी तुटली पाहिजे, दोन्हींच्या टॉलरन्सची वाईट टोकं धरूनसुद्धा. हे गणित कागदावर मांडलेलं दिसत नाही तोवर मी ड्रॉइंग पुढे पाठवत नाही.

आतला व्यास कॅटलॉगमधून उचलणं

7 इंची, 29 पौंडी (फुटाला 29 पौंड वजनाच्या) केसिंगचा आतला व्यास 6.184 इंच आणि ड्रिफ्ट, म्हणजे नळीतून हमखास आरपार जाणारं माप, 6.059. खात्री फक्त ड्रिफ्टची असते. त्यावर मेण, क्षार, किंचित लंबगोल झालेली नळी हे सगळं येतंच. ट्यूबिंगमधून (केसिंगच्या आतल्या बारीक उत्पादन-नळीतून) खाली जायचं असेल तर निपलचं (ट्यूबिंगमध्ये बसवलेल्या अरुंद तुकड्याचं) माप आधी मागवा, ते ट्यूबिंगच्या ड्रिफ्टहूनही कमी असतं. उघडताना मात्र उलटं: भिंत झिजलेली असू शकते, तेव्हा आर्मची (टूलमधून बाहेर उघडणाऱ्या हाताची) पोहोच मोठ्यात मोठ्या व्यासाला पुरायला हवी.

आर्मच्या कोनाकडे न बघणं

ट्यूबिंगमधून उतरणारी टूल्स बऱ्याचदा 1-11/16 इंचांची, म्हणजे जेमतेम 43 मिमीची असतात. तेच टूल खाली 7 इंची केसिंगमध्ये उघडायचं तर साडेतीन पटींहून जास्त फुलावं लागतं. लिंकेजने (एकमेकांना पिनांनी जोडलेल्या आर्मच्या रचनेने) हे साधतं, पण लिंकेजचा जोर सगळीकडे सारखा नसतो. स्लायडर (आर्म उघडायला टूलच्या अक्षावर सरकणारा भाग) ढकलणाऱ्या जोरापैकी भिंतीला मिळणारा वाटा आर्मच्या कोनाच्या टॅन्जंटप्रमाणे बदलतो: 10 अंशांना 0.18, 45 ला 1, 70 ला 2.75. मिटलेला आर्म अक्षाला जवळजवळ चिकटलेला असतो, तिथे मोटर कितीही मोठी घ्या, बाहेरचा जोर नगण्य. हे कळलं की घाईतली माणसं मोटर वाढवतात. मग तोच आर्म पूर्ण उघडल्यावर पिना वाकतात.

मी सुरुवातीच्या उघडण्यासाठी आर्मखाली एक छोटा रॅम्प देतो आणि 15 अंशांपासून पुढे लिंकेजला काम करू देतो. वरची हद्द 60. त्यापलीकडे आर्म भिंतीला जवळपास काटकोनात उभा राहतो आणि टूल वर ओढताना अरुंद जागी तो मिटत नाही, अडतो. पोहोच कमी पडली तर आर्म लांब करा, कोन वाढवू नका. टूल लांबलं म्हणून कुरकुर होते, होऊ द्या.

याच संदर्भातली दुसरी गफलत म्हणजे प्रत्येक आर्मला वेगळी स्प्रिंग देणं. उभ्या विहिरीत ते खपून जातं. विहीर उभ्यापासून 60 अंश कलली की 150 किलोच्या टूलचे सुमारे 130 किलो आडवे पडतात, खालचे आर्म दबतात, वरचे फुलतात आणि टूल तळाला टेकतं. सगळे आर्म एकाच स्लायडरला जोडा. मग एकाला दबायचं तर सगळ्यांना दबावं लागतं, आणि टूल मध्ये राहतं.

विहिरीतला दाब विसरणं

पाण्याने भरलेल्या विहिरीत 3,000 मीटरवर दाब साधारण 29 मेगापास्कल असतो. हवेच्या चेंबरमधून बाहेर येणारा 20 मिमीचा शाफ्ट तिथे 940 किलोंच्या जोराने आत ढकलला जातो. टेबलावर बोटाने सरकणारी यंत्रणा खाली मोटरला हलत नाही, आणि दोष मोटरला दिला जातो. शाफ्ट दोन्ही टोकांनी सारख्याच व्यासाचा बाहेर काढा, किंवा चेंबर तेलाने भरून दाब समतोल करा.

आणखी काही, थोडक्यात

बो-स्प्रिंगची (टूल मध्यभागी ठेवणाऱ्या धनुष्यासारख्या पट्टीची) दोन्ही टोकं पक्की करू नका. ती चपटी होताना लांबते, एक टोक सरकतं हवं. शिवाय अरुंद जागेतून ती नेहमी पुढच्या टोकाने ओढली गेली पाहिजे, मागून ढकलली की फुगते आणि अडकते.

टूलचा व्यास जिथे एकदम बदलतो त्या पायरीला खांदा म्हणतात. खालच्या खांद्याला सगळेच उतार देतात, वरच्या खांद्याला देत नाहीत. टूलला परतही यायचं असतं.

हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीत साधं किंवा लो-अलॉय स्टील 22 रॉकवेल सी (कठीणपणाचं माप) च्या वर नको. स्प्रिंग आणि स्लिपचे दात नेमके इथेच चुकतात, कारण ते कठीणच लागतात. मटेरियल त्यासाठी वेगळं निवडा, "थोडाच वेळ आत राहणार आहे" हे कारण मला सांगू नका.

केसिंगच्या जोडावर स्लिप बसवू नका. कॉलर लोकेटर (केसिंगचे जोड शोधणारं साधन) वापरा, जागा बदला.

टूल बाहेर पडण्याआधी मी ड्रिफ्टच्या मापाची रिंग हाताने त्यावरून फिरवतो. वीज बंद, आर्म फक्त स्प्रिंगने मिटलेले. रिंग खालून वर नेतो, मग वरून खाली आणतो. जिथे अडेल तिथे मार्करने खूण करतो आणि टूल परत बेंचवर जातं, मग बाहेर गाडी कितीही वेळ उभी असो.