सिलिका जेलच्या पुड्या: नवतपात वाळवा, पावसाळ्यात वापरा

बूट, पर्स, औषधाच्या बाटल्या यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आपण कपाटात टाकून ठेवतो. तिथे त्यांचा काही उपयोग नाही. कपाटाच्या फटींतून दमट हवा येतच राहते आणि पावसाळ्यात एक ग्रॅमची पुडी दिवसा-दोन दिवसांत भरते. झाकणाला रबरी कड असलेला हवाबंद डबाच हवा.

डब्यात सामान कोरडं करूनच ठेवा, कारण पाणी हवेत कमी आणि सामानात जास्त असतं. 30 अंशांची पूर्ण दमट हवा 10 लिटरच्या डब्यात भरली तरी तिच्यात पाणी जेमतेम 0.3 ग्रॅम. पण भर पावसाळ्यात एक किलो कागदपत्रं किंवा सुती कपडे सहज 80 ग्रॅम पाणी धरून असतात. 50 ग्रॅम जेल त्यातलं फार तर 10-12 ग्रॅम ओढेल. म्हणून जमिनीचे कागद, फोटो, कॅमेरा हे सगळं मृगाच्या पावसाआधीच बंद करा, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत नको. भर मे महिन्यातही तिथली हवा चांगलीच ओलसर असते.

पुड्या फोडून दाणे स्टीलच्या ताटात एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असे पसरा. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवा. छापील पुडी तशीच तापवली तर तिचं प्लास्टिकचं अस्तर वितळतं. कढईत आच आवरत नाही. दाणे तडकतात आणि रंगीत दाणे करपतात. ओव्हन नसेल तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर काळ्या ट्रेमध्ये दुपारभर ठेवा. सगळं पाणी जात नाही, पण बरंच जातं. ऊन उतरायच्या आत उचला, नाहीतर रात्री दाणे पुन्हा ओल धरतात. पावसाळ्यातल्या उन्हाचा भरवसा धरू नका.

गरम दाणे लगेच काचेच्या कोरड्या बरणीत झाकून निवू द्या. मग मलमलीच्या छोट्या पिशव्यांत 25-25 ग्रॅम भरा आणि प्रत्येकीवर कोरडं वजन लिहा. 25 ची पिशवी 30 ग्रॅम झाली की पुन्हा तापवा. काही दाणे ओल धरल्यावर रंग बदलतात, पण रंगापेक्षा वजनकाटा खात्रीचा. कॅमेऱ्याच्या डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून 40 ते 50 टक्के राखा. 60 च्या वर बराच काळ राहिलं तर लेन्सवर बुरशी धरते.

सावजी मसाल्याच्या किंवा तिखटाच्या डब्यात जुन्या बुटांतली पुडी कधीच टाकू नका. खाद्यपदार्थांसाठी असलेली पांढऱ्या दाण्यांची नवी, बंद पुडीच वापरा. निळे दाणे ओले झाल्यावर गुलाबी होतात. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. ते स्वयंपाकघरात आणूच नका, आणि तिथल्या ओव्हनमध्ये तर मुळीच तापवू नका.

कपाटात टांगायच्या, खाली पाणी साठणाऱ्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, आणि खाऊच्या पाकिटातल्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीत लोखंडाची भुकटी. या दोन्ही वाळवून पुन्हा चालत नाहीत.