दररोजच्या पवित्र शास्त्रवाचनासाठी

पवित्र शास्त्र म्हणजे बायबल. ते वाचण्याचा निश्चय करणारे बरेच जण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून उत्साहाने सुरुवात करतात आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातील यज्ञविधींपाशी येऊन थबकतात. म्हणून आरंभ येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानापासून करावा, असे मला मनापासून वाटते. त्याचे अध्याय 16 च आहेत आणि कथन वेगवान आहे. सोबतीला बायबलमधील स्तोत्रसंहितेतून रोज एक स्तोत्र घ्यावे. स्तोत्रे 150 असली तरी सर्वांत दीर्घ असलेले 119 वे स्तोत्र एका बैठकीत संपवू नये. त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, रोज एक भाग पुरेसा होतो.

किती वाचले, यापेक्षा कुठे थांबलो, हे अधिक महत्त्वाचे आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळामुळे तारवात पाणी भरत असताना येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे आणि घाबरलेले शिष्य, आपण बुडतो याची तुम्हाला काळजी नाही काय, असे विचारत त्याला उठवतात. हा उतारा सावकाश, शक्यतो मोठ्याने, दोनदा वाचावा. शिष्यांचा प्रश्न आज आपलाही आहे का, हे स्वतःला विचारावे आणि जे उत्तर येईल त्याचीच प्रार्थना करावी. प्रार्थना सुबक शब्दांत नसली तरी चालते, खरी मात्र असावी.

एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढण्यासाठी घाईने वाचू नये. खूण जिथे ठेवली होती, तिथूनच पुढे वाचावे.