बास्केटबॉल कॉन्फरन्समध्ये नवं कॉलेज घ्यायचं का? हिशोब असा मांडा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि कमाई वाटून घेणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, विस्ताराची चर्चा बहुतेक वेळा नावावर अडकते. अमुक कॉलेजचा दबदबा मोठा, तमुक कॉलेजचं शहर मोठं, एवढ्यावर बाजू ठरतात. प्रश्न विचारायचा तो एवढाच: नवा सदस्य आल्यावर आधीच्या प्रत्येक कॉलेजच्या पदरात आजच्यापेक्षा जास्त पडतं का? एकूण कमाई वाढूनही प्रत्येकाचा वाटा घटत असेल तर नकार द्यावा, मग नाव कितीही मोठं असो.

सुरुवात वेळापत्रकापासून करा

प्रत्येक संघाशी एकदा घरी, एकदा बाहेर असं खेळायचं तर 10 संघांत 18 सामने होतात, 11 संघांत 20 आणि 12 संघांत 22. बिग ईस्ट ही कॉन्फरन्स 2013 मध्ये 10 कॉलेजांची होती. 2020 मध्ये युकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) परत आलं, 11 झाले आणि सामने 20 वर गेले. गणित तिथे नेमकं बसतं. बारावा संघ घेतला की एक तर ही पद्धत सोडायची, नाहीतर 22 सामने कॉन्फरन्समध्येच घालवायचे. हंगामात एका संघाच्या वाट्याला जेमतेम 30 ते 32 सामने येतात, म्हणजे बाहेरच्यांशी खेळायला आठ-दहाच उरतात.

हे बाहेरचे सामने हलक्यात घेऊ नका. कॉन्फरन्सच्या आत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, त्यामुळे कॉन्फरन्सची एकूण पत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जवळपास ठरून जाते. नवा संघ त्या दोन महिन्यांत कुणाशी खेळतो आणि कुणाला हरवतो, हे त्याच्या कॉन्फरन्समधल्या जय-पराजयापेक्षा आधी तपासा.

नेट क्रमवारीत तो कुठे बसतो?

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए 2018-19 पासून संघांची वर्गवारी ‘नेट’ या क्रमवारीने करते. घरच्या मैदानावर 1 ते 30 क्रमांकाच्या संघाला हरवलं तर तो क्वाड 1 चा, म्हणजे चार गटांपैकी सर्वात मोलाच्या गटातला विजय. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर मात्र 75 व्या क्रमांकापर्यंतचा संघही क्वाड 1 मध्ये धरतात. आता उमेदवाराचा क्रमांक यात घालून बघा. तो 60 वा असेल तर त्याच्या घरी जिंकणं क्वाड 1, आपल्या घरी जिंकणं क्वाड 2. दोन्ही सामने कामाचे. 140 वा असेल तर दोन्ही क्वाड 3. 170 वा असेल तर घरचा सामना क्वाड 4 मध्ये जातो: जिंकून काही मिळत नाही, हरलो तर हंगामाअखेरच्या एनसीएए स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीसमोर डाग लागतो.

मोठ्या शहराचा मोह इथेच महागात पडतो. शिकागोसारख्या शहरातलं डीपॉल 2023-24 मध्ये बिग ईस्टचे वीसच्या वीस सामने हरलं. त्याला घरी हरवून स्पर्धेतल्या जागेसाठी कुणाच्याच दाव्याला वजन आलं नाही. त्या वर्षी बिग ईस्टच्या तीनच संघांना एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली. सीटन हॉल, सेंट जॉन्स आणि प्रॉव्हिडन्स बाहेर राहिले. ते केवळ डीपॉलमुळे, असं कुणी म्हणणार नाही, पण तळाला असा संघ असला की सगळ्यांचेच दोन सामने वाया जातात.

गेल्या एका वर्षाचा क्रमांक धरू नका, पाच वर्षांची सरासरी काढा. 2024 पासून खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, त्यामुळे आज चमकणारा संघ पुढच्या वर्षी त्या कॉलेजात असेलच असं नाही. अंदाजपत्रक, प्रशिक्षकाचा पगार आणि तिकीटविक्री इतक्या लवकर बदलत नाही. वजन त्यांना द्या.

युनिटचा हिशोब

एनसीएए स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना सोडून, संघाच्या कॉन्फरन्सला एक युनिट, म्हणजे स्पर्धेच्या उत्पन्नातला एक वाटा मिळतो. त्याचे पैसे सहा वर्षांत येतात, एकूण साधारण 20 लाख डॉलर. समजा 10 कॉलेजं वर्षाला 6 युनिट कमावतात आणि समान वाटतात. प्रत्येकाला 12 लाख. दोन कॉलेजं वाढवली तर तेवढाच वाटा राखायला 7.2 युनिट लागतील. म्हणजे दोघांनी मिळून दरवर्षी 1.2 युनिट भर घातली पाहिजे, आणि तीही आपल्याच जुन्या सदस्याची जागा न खाता. जुनी युनिट सहसा जुन्याच कॉन्फरन्सकडे राहतात, म्हणून उमेदवाराची मागची कामगिरी जमेला धरू नका.

जिथे वर्षाला एकच संघ स्पर्धेत जातो त्या छोट्या कॉन्फरन्सचं गणित वेगळं. वाटा घटतोच, पण सात सदस्यांच्या खाली गेलं तर विजेत्याला आपोआप मिळणारी जागाच धोक्यात येते. आठवर असाल आणि दोघं दुसरीकडे डोळा लावून बसले असतील, तर एक-दोन जास्तीचे सदस्य ठेवणं शहाणपणाचं. फक्त खालच्या पातळीवरच्या डिव्हिजन 2 मधून येणारं कॉलेज घेताना संक्रमणाचा काळ मोजा. तो आधी चार वर्षांचा होता, 2025 मध्ये तीनवर आणला. या काळात संघ एनसीएए स्पर्धेत खेळू शकत नाही. 2023 मध्ये मेरिमॅकने नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामना 67-66 असा जिंकला, पण जागा मिळाली हरलेल्या फेअरली डिकिन्सनला. त्यांनी पुढे अव्वल मानांकित पर्ड्यूला हरवलं, ही गोष्ट निराळी.

प्रवास सगळ्या संघांचा मोजा

इथे हमखास चूक होते: पुरुषांच्या बास्केटबॉल संघाच्या विमानाचा खर्च धरतात आणि व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल विसरतात. उमेदवार लांबचा असेल तर त्याच्या जवळ दुसरा सदस्य आहे का ते बघा, म्हणजे एका फेरीत दोन सामने उरकतात. पूर्वेकडच्या एसीसी या कॉन्फरन्सने पश्चिम किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एकत्र घेतल्यामुळे पूर्वेच्या संघांना तसं करता येतं. एकटंच लांबचं कॉलेज सर्वात महाग पडतं.

कागदपत्रं

प्रसारण करारात नव्या सदस्यामागे वाहिनी तेवढीच रक्कम वाढवून देते का, हे लेखी तपासा. तसं कलम नसेल तर नवा सदस्य जुन्यांच्या पैशांवर जगतो, किंवा त्याला कमी वाट्यावर घ्यावं लागतं. एसीसीत येताना एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) नऊ वर्षं प्रसारणाचा वाटा सोडला. जुन्या कॉन्फरन्सचा सोडशुल्क कोण भरणार हेही आधीच ठरवा. युकॉनला तो 1 कोटी 70 लाख डॉलर पडला.

उमेदवाराकडे (अमेरिकन) फुटबॉल असेल तर त्याचं मन कुठे आहे ते ओळखा. फुटबॉलची बोलावणी येऊ लागली की बास्केटबॉलची निष्ठा टिकत नाही. 2013 मध्ये जुनी बिग ईस्ट याच ओढाताणीत फुटली. अशा कॉलेजला घेताना सोडशुल्क आणि पूर्वसूचनेचा काळ दोन्ही चढे ठेवा. प्रवेश साधारणपणे 1 जुलैपासून लागू होतो, आणि युकॉनच्या बाबतीत घोषणा वर्षभर आधी झाली होती. तेवढी मुदत हाताशी नसेल तर मतदान पुढच्या वर्षावर ढकला.