यकृताच्या कॅन्सरमध्ये एनएलआर, एसआयआय काढताना या चुका टाळा

रक्ततपासणीतल्या या आकड्यांवरून शरीरातला दाह आणि रुग्णाचा धोका जोखतात. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) आणि एसआयआय म्हणजे एनएलआर गुणिले प्लेटलेट. सगळ्यात जास्त घोळ एककांचा होतो. आपल्याकडे सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेट कुठे ‘०.९ लाख’, तर कुठे ‘९०,०००’ अशा छापतात. एसआयआयसाठी त्या हजारांत घ्यायच्या, म्हणजे ९०. समजा, पांढऱ्या पेशी ६,०००, न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के आहेत. एनएलआर ७२ भागिले १८, म्हणजे ४. त्याला ९० ने गुणलं की एसआयआय ३६०. तिथे ०.९ घातलं तर ३.६ येतं आणि धोक्यातला (३३० च्या वरचा) रुग्ण सुरक्षित गटात जाऊन बसतो. पीएलआरला (प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट) लिम्फोसाइटची टक्केवारी चालत नाही. प्रत्यक्ष संख्या १.०८ हजार धरून तो ८३ येतो, टक्के घातले तर ५.

दाह दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचंही तेच. इम्युनोथेरपीच्या रुग्णाचा अंदाज बांधणाऱ्या क्राफिटी स्कोअरमध्ये सीआरपी १ मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर एक गुण, एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा जास्त असेल तर दुसरा. रिपोर्टवर ‘८’ दिसतं, पण एकक मिग्रॅ प्रति लिटर असतं. म्हणजे ते ०.८ झालं, गुण शून्य.

दुसरी चूक कळायला अवघड आहे. बहुतेक रुग्णांना सिरोसिस (यकृत कडक होणं) असतो, प्लीहा वाढलेली असते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. त्यामुळे पीएलआर, एसआयआय खोटे कमी दिसतात. वरच्याच रुग्णाच्या प्लेटलेट १.८ लाख असत्या तर एसआयआय ७२० आला असता. सोनोग्राफीत प्लीहेचा आकार पाहिल्याशिवाय या दोन आकड्यांवर विसंबू नका. अशा वेळी एनएलआर जास्त भरवशाचा. सीआरपी तर यकृतातच तयार होतं, म्हणून यकृत पार थकलेलं असेल तर जंतुसंसर्ग असूनही ते फारसं चढत नाही.

रक्त कधी घेतलं, हे लिहून ठेवाच. टेसनंतर (गाठीची रक्तवाहिनी बंद करून तिथेच औषध सोडण्याच्या उपचारानंतर) ताप आणि सीआरपी वाढणं नेहमीचं आहे. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि एनएलआर फुगतो. जलोदराच्या पाण्यात संसर्ग असेल तरी तसंच. म्हणून तुलनेचा पहिला नमुना उपचारांआधीचा, संसर्ग आणि स्टिरॉइड नसतानाचा हवा.

एसआयआयची ३३० ही सीमारेषा शांघायच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरून मांडली. टेस किंवा इम्युनोथेरपीच्या रुग्णाला ती जशीच्या तशी लावू नका.

आणि प्लेटलेट अचानक खूप कमी आल्या तर आधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) पाहा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्या असतील तर सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घ्या.