अमेरिकेत लॉ स्कूलसाठी जीपीए कसा मोजतात?

कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, छापलेला जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) आणि लॉ स्कूल पाहतं तो जीपीए, हे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा आकडा लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅक, काढते. प्रत्येक कॉलेजची गुण देण्याची पद्धत निराळी, म्हणून सगळ्यांना एकच माप. अर्ज भरण्याआधी हा हिशेब घरीच करून पाहावा.

आधी पहिली पदवी मिळेपर्यंत जिथे जिथे शिकलात, तिथल्या सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट गोळा करा. कम्युनिटी कॉलेजमधला उन्हाळी कोर्स आणि शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे क्रेडिटसुद्धा (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन) धरतात. पदवीनंतरचे कोर्स, मास्टर्सचे गुण यांनी मात्र हा आकडा हलत नाही. म्हणून तो सुधारायचा तर पदवी हातात पडण्याआधीच.

मग ग्रेड न देता नुसतं पास-फेल ठरवणाऱ्या कोर्समधले ‘पास’ आणि साधा ‘डब्ल्यू’ (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) बाजूला काढा. ‘डब्ल्यूएफ’सारखा (सोडला, पण नापास) शेरा असेल आणि कॉलेज तो नापासासारखा धरत असेल, तर शून्य लावा.

आता ग्रेडचे अंक करा: ए प्लस ४.३३, ए ४.००, ए मायनस ३.६७, बी प्लस ३.३३, बी ३.००, याच चढउताराने सी २.००, डी १.०० आणि एफ शून्य. प्रत्येक अंकाला त्या कोर्सच्या क्रेडिटने गुणा, बेरीज करा आणि एकूण क्रेडिटने भागा. क्वार्टर पद्धतीचे (सहामाहीऐवजी छोटी सत्रं असलेल्या कॉलेजांचे) क्रेडिट आधी दोन तृतीयांश करून घ्या.

खरी मेख आहे पुन्हा घेतलेल्या कोर्समध्ये. समजा, ४ क्रेडिटला ए प्लस, ३ क्रेडिटला बी, आणि ३ क्रेडिटच्या एका विषयात आधी एफ, मग ए. कॉलेज जुना एफ सोडून देतं आणि ए प्लसला ४.०० धरतं, तर ३७ भागिले १०, म्हणजे ३.७०. एलसॅक दोन्ही प्रयत्न धरते: १७.३२ अधिक ९ अधिक ० अधिक १२, भागिले १३, म्हणजे साधारण २.९५. चारच नोंदी आहेत म्हणून फरक इतका भडक दिसतो, पण दिशा हीच. जुनी ग्रेड आणि तिचे क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर दिसत असतील, तर कॉलेजने दिलेली माफी इथे चालत नाही. मला हे थोडं निष्ठुर वाटतं. पण त्या सत्रात आजारपण किंवा घरची अडचण असेल, तर अर्जासोबत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोडता येतं. तिथे रडगाणं नको, घडलं ते सांगावं.

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी असेल, तर ही आकडेमोड लागूच होत नाही. भारतीय गुणांचा ४ च्या मापात जीपीए एलसॅक काढत नाही. गुणपत्रिका तपासून ‘उत्कृष्ट’, ‘सरासरीपेक्षा वर’ अशा धाटणीचा शेरा देते. तेव्हा ६२ टक्क्यांना १०० ने भागून ४ ने गुणत बसू नका. गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात, म्हणून परीक्षा विभागात अर्ज लवकर टाका.