थायमसने जंतू पाहिलेलेच नसतात : टी पेशींबद्दल लिहिताना या चुका टाळा

परीक्षेत थायमसवर, म्हणजे टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जिथे तयार होतात त्या ग्रंथीवर, प्रश्न आला की निम्म्या उत्तरांची सुरुवात ठरलेली असते: 'थायमस ही टी पेशींची शाळा असून तिथे त्यांना जंतू ओळखायला शिकवतात.' पुढचे बहुतेक घोटाळे या एका वाक्यातून निघतात. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या या ग्रंथीत कोणी कोणाला शिकवत नाही. तिथे छाननी होते, आणि त्या छाननीसाठी गोवराचा विषाणू किंवा क्षयाचा जिवाणू नमुना म्हणून ठेवलेला नसतो.

मग गोवर ओळखणारी टी पेशी येते कुठून? योगायोगाने. अस्थिमज्जेतून आलेली पेशी थायमसमध्ये आपल्या रिसेप्टरची (पृष्ठभागावरच्या, लक्ष्याला पकडणाऱ्या रेणूची) जनुके कापते आणि पुन्हा जोडते. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने व्ही, डी आणि जे या जनुकांच्या तुकड्यांपैकी काही उचलून सांधतात. सांध्यावर टीडीटी नावाचे एन्झाइम साचा न बघता आणखी काही न्यूक्लिओटाइड्स घुसडते. त्यामुळे ज्या विषाणूशी अजून गाठही पडलेली नाही, त्याला चिकटू शकणारा रिसेप्टर शरीरात आधीच फिरत असतो. संसर्ग होतो तेव्हा त्या पेशीची संख्या वाढते, रिसेप्टर नव्याने घडत नाही. उत्तरात हा क्रम उलटा लिहू नका.

पॉझिटिव्ह म्हणजे परके, निगेटिव्ह म्हणजे आपले?

ही सगळ्यात चिवट चूक, कारण ती दिसायला फार नीटस आहे. 'पॉझिटिव्ह सिलेक्शनमध्ये परके ओळखणाऱ्या पेशी ठेवतात, निगेटिव्हमध्ये स्वतःला ओळखणाऱ्या काढतात.' प्रत्यक्षात दोन्ही वेळा पेशीसमोर शरीराचेच पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा), शरीराच्याच एमएचसी रेणूवर (असे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणाऱ्या रेणूवर) ठेवलेले असते. फरक असतो तो पकड किती घट्ट यात.

थायमसच्या बाहेरच्या भागात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, सीडी४ आणि सीडी८ ही पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिने बाळगणारी पेशी तिथल्या एपिथेलियल (अस्तराच्या प्रकारच्या) पेशींना चाचपते. रिसेप्टर कशालाच धरत नसेल तर तिला जगण्याचा संकेत मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत ती मरते. हलकी पकड बसली तर ती वाचते; हे पॉझिटिव्ह सिलेक्शन. ती एमएचसी वर्ग १ ला धरत असेल तर सीडी८ ठेवते, वर्ग २ ला धरत असेल तर सीडी४. पकड फारच घट्ट असेल तर तिला मारले जाते; हे निगेटिव्ह सिलेक्शन.

इथे हुशार विद्यार्थी अडतो: स्वतःला ओळखणे ही पात्रता की गुन्हा? अडलात तर १९७४ कडे जा. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरात उंदरांवर दाखवले की मारक टी पेशी विषाणूग्रस्त पेशीला तेव्हाच मारते, जेव्हा त्या पेशीवरचा एमएचसी तिच्या ओळखीचा असतो. (नोबेल १९९६ मध्ये मिळाले.) जंतूचा तुकडा टी पेशीला सुटा दिसतच नाही. तो आपल्याच एमएचसीवर बसून समोर येतो. ज्या रिसेप्टरला आपला एमएचसी मुळीच धरता येत नाही, तो पुढे काय कामाचा? वहीत एक आडवी रेघ काढा. डावीकडे पकड शून्य, उजवीकडे अतिघट्ट. दोन्ही टोकांना मरण, मधला पट्टा जगतो.

याच रेघेवरून आणखी एक गैरसमज सुटतो. थायमसमध्ये घडणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त बाहेर पडत नाहीत. त्या सगळ्या 'धोकादायक' होत्या असे लिहू नका. पुष्कळशा निरुपयोगी होत्या, एवढेच.

इन्सुलिन थायमसमध्ये कसे?

इन्सुलिन बनते स्वादुपिंडात. मग त्याच्यावर तुटून पडणारी टी पेशी थायमसला कळते कशी? आतल्या भागातल्या, म्हणजे मेड्युलातल्या काही एपिथेलियल पेशी एआयआरई या जनुकाच्या जोरावर शरीरभरच्या अवयवांची हजारो प्रथिने थोडी थोडी बनवतात. त्यात इन्सुलिनही असते. हे जनुक १९९७ मध्ये सापडले, तेही एका दुर्मीळ आजारामुळे. फिनलंडमध्ये तुलनेने जास्त आढळणाऱ्या त्या आजारात पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा ग्रंथी शरीर स्वतःच उद्ध्वस्त करते.

पण चाळणी शंभर टक्के असते असेही समजू नका. स्वतःवर उलटू शकणाऱ्या काही पेशी निसटतात, आणि त्या प्रत्येकात असतात, तुमच्या-माझ्यातही. त्यांना आवरायला फॉक्सपी३ हे प्रथिन असलेल्या नियामक टी पेशी लागतात. त्यांतल्या अनेक याच थायमसमध्ये, जरा जास्त घट्ट पकडीतून घडतात. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल याच विषयाला मिळाले: मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल, शिमोन साकागुची.

'मोठेपणी थायमस नसल्यात जमा'

एनसीईआरटीच्या पुस्तकात वयात येईपर्यंत थायमस अगदी लहान होतो असे आहे. नीटमध्ये तेच लिहा, वाद घालू नका. पण त्यावरून तो बंद पडतो असा अर्थ काढू नका. चरबी वाढते, उत्पादन घटते, तरी प्रौढपणीही ते थोडेफार सुरू असते. बॉस्टनमधल्या रुग्णांच्या २०२३ च्या अभ्यासात प्रौढपणी थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. तशाच शस्त्रक्रिया होऊनही थायमस राहिलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कारण सिद्ध झाले म्हणू नये. 'काढला तरी काही बिघडत नाही' हे मात्र आता छातीठोकपणे म्हणता येत नाही.

नुसता आकडा पाहून निर्धास्त होणे

रक्तात टी पेशी पुरेशा आहेत, म्हणजे थायमस ठीक, असे नसते. जुन्या पेशी बाहेर विभागून संख्या भरून काढतात. वैविध्य मात्र त्याने वाढत नाही. नव्या पेशी मोजायच्या तर 'ट्रेक' बघतात. जनुके कापताना उरलेला हा डीएनएचा वेटोळा पेशी विभागली तरी दुप्पट होत नाही, म्हणून जुन्या पेशींत तो विरळ होत जातो. टाचेच्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावरून तान्ह्या बाळातली जन्मजात गंभीर प्रतिकार-उणीव याच्यावरून ओळखता येते. अशा बाळात कधी आईच्या टी पेशी शिरून वाढलेल्या असतात. आकडा फसवतो, ट्रेक मात्र जवळपास शून्य येतो.

आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, आणि ती जिवंत लस आहे, म्हणून अशा बाळाला धोक्याची ठरू शकते. घरात आधीचे मूल तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल, तर नव्या बाळाच्या लसीआधी डॉक्टरांना ते सांगा. इतर बाळांची बीसीजी यासाठी लांबवू नका.